रेपो सव्वा टक्का उतरला, हप्ता तिथंच काऊन? आरबीआयच्या एका वर्षाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने चारदा रेपो रेट कमी केला, दर वेळी पेपरात 'कर्जदारांना दिलासा' छापून आलं, पण माझ्या मनीष नगरच्या फ्लॅटचा हप्ता तिथल्या तिथंच आहे आणि बाबांची एफडी रिन्यू करायला गेलो तर तिचा रेट मात्र लगेच घसरलेला. हे लोक वर्षभर नक्की काय पाहून ठरवतात, मध्येच थांबतात काऊन, आणि आपल्याला आधी काही अंदाज येऊ शकतो का?"

भाऊ, मी बँकेत आधी ट्रेझरीत (बँकेचा रोजचा पैसा आणि रोखे सांभाळणारा विभाग) बसायचो आणि नंतर रिटेल लोनच्या टेबलावर आलो, म्हणजे रेट जिथून निघतो ते टोक पण पाहिलं आणि जिथे येऊन आदळतो ते पण. त्यामुळे थोडं लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. रेपो ठरवणारी आरबीआयची कमिटी आज बाजारात काय भाव आहे ते पाहून रेट ठरवत नाही, पुढच्या वर्षी महागाई कुठे असेल त्याच्या अंदाजावर ठरवते. कारण आज बदललेल्या रेटचा परिणाम दिसायलाच तीन-चार तिमाह्या जातात. काटोलकडचा संत्रेवाला अंबिया बहार धरायला डिसेंबरात झाडाला ताण देतो आणि फळ येतं पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तसंच आहे हे. आजच्या कळमना मार्केटच्या टमाट्याच्या भावावर रेट ठरवला तर तो लागू पडेपर्यंत टमाटे दोनदा महाग आणि दोनदा स्वस्त होऊन जातील.

आता कमिटीबद्दल, पटकन सांगतो. 2016 मध्ये आरबीआय कायद्यात बदल झाला आणि सहा जणांची मॉनेटरी पॉलिसी कमिटी आली. तिघं आरबीआयचे (गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर आणि एक अधिकारी), तिघं बाहेरचे, त्यांना केंद्र सरकार चार वर्षांसाठी नेमते. मतं समसमान झाली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. टार्गेट किरकोळ महागाई 4 टक्के, वर-खाली 2 टक्के सूट. सलग तीन तिमाह्या सरासरी 6 च्या वर किंवा 2 च्या खाली गेली तर सरकारला पत्र लिहून कारण द्यावं लागतं, 2022 मध्ये ती पाळी आली होती. कायद्याने वर्षाला किमान चार मीटिंगा लागतात, प्रत्यक्षात सहा होतात: एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी. तारखा आधीच जाहीर असतात. मीटिंग तीन दिवसांची, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर वाचून दाखवतात, दुपारी पत्रकार परिषद, आणि चौदाव्या दिवशी मिनिट्स येतात ज्यात प्रत्येक मेंबरने आपण असं मत का दिलं ते लिहिलेलं असतं. ही मिनिट्स कोणी वाचत नाही, खरा माल त्यातच असतो.

आता 2025 चं वर्ष घेऊ, कारण शिकायला याच्यापेक्षा चांगलं वर्ष मिळणार नाही.

फेब्रुवारी 2023 पासून रेपो 6.50 वर खिळलेला होता, दोन वर्षं हललाच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये भाजीपाल्याने महागाई 6.21 टक्क्यांवर नेली म्हणून कपात लांबली, तरी डिसेंबर 2024 च्या मीटिंगमध्ये नागेश कुमार आणि राम सिंग या दोन बाहेरच्या मेंबरांनी पाव टक्का कमी करा असं मत दिलं होतं, म्हणजे निर्णय 4 विरुद्ध 2. त्याच मीटिंगमध्ये सीआरआर (बँकांनी ठेवींचा जो हिस्सा आरबीआयकडे रोख ठेवायचा असतो तो) साडेचार टक्क्यांवरून चार केला. मग संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले. आणि फेब्रुवारीच्या मीटिंगच्या आधी, 27 जानेवारीला आरबीआयने बाजारात पैसा सोडायचं एक मोठं पॅकेज काढलं: 60,000 कोटींची रोखे खरेदी, बँकांना 50,000 कोटींचं 56 दिवसांचं कर्ज आणि 5 अब्ज डॉलरचा स्वॅप (डॉलर घेऊन ठरावीक मुदतीसाठी रुपये देणं). पेपरात याची बातमी आतल्या पानावर, पण ट्रेझरीवाले त्याच दिवशी समजले की आता कपात येऊन राहिली. कारण बँकांकडे रोकडच नसेल तर रेट कमी करून उपयोग काय, कॉल मनीचा, म्हणजे बँकांच्या आपसातल्या उसनवारीचा भाव वरच राहणार.

हे थोडं उलगडून सांगतो, लोक इथेच चुकतात. रेपो म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ठीक आहे. पण आरबीआय खरं लक्ष ठेवते ते बँका आपसात एका रात्रीसाठी ज्या दराने पैसे देतात-घेतात त्याच्यावर. तो दर रेपोच्या आसपास राहावा म्हणून खाली एसडीएफचा तळ (रेपोपेक्षा पाव टक्का कमी, इथे बँका जास्तीचा पैसा ठेवतात) आणि वर एमएसएफचं छत (पाव टक्का जास्त, इथून अडीअडचणीत उचलतात). सिस्टिममध्ये पैशाची चणचण असली की दर छताला चिकटतो, रेलचेल असली की तळाला. ॲडव्हान्स टॅक्सच्या 15 तारखेला, जीएसटीच्या 20 तारखेला बँकांमधून पैसा सरकारी खात्यात जातो आणि बाजार कोरडा पडतो, असल्या बारीक गोष्टींवर ट्रेझरीचा अर्धा दिवस जातो. म्हणून रेपो हा एक आकडा आणि लिक्विडिटी म्हणजे सिस्टिममधली रोकड हा दुसरा, दोन्ही एका दिशेने चालले तरच परिणाम खाली झिरपतो.

7 फेब्रुवारीला 6.50 चा 6.25 झाला, जवळपास पाच वर्षांनंतरची पहिली कपात. 9 एप्रिलला 6.00, आणि धोरणाचा रोख म्हणजे स्टान्स 'न्यूट्रल'वरून 'अकोमोडेटिव्ह' केला. अकोमोडेटिव्हचा सरळ अर्थ असा की पुढचं पाऊल एक तर खाली नाही तर थांबा, वर नाही. त्याच महिन्यात हवामान खात्याने 105 टक्के पावसाचा अंदाज दिला, मे अखेरीस तो 106 केला. आपल्याकडे अन्नधान्य चांगलं येणार म्हटलं की अर्धी लढाई जिंकली, कारण 2012 आधारवर्षाच्या त्या सीपीआयमध्ये, म्हणजे किरकोळ महागाईच्या निर्देशांकात, खाण्यापिण्याचं वजन 45.86 टक्के होतं. तूर, भाजी, तेल उतरलं की आकडा धडाधड उतरतो.

6 जूनला मग धमाका झाला. बाजाराला पाव टक्क्याची अपेक्षा, यांनी अर्धा टक्का कापला, 5.50. वरून सीआरआर 4 चा 3 टक्के, चार हप्त्यांत, 6 सप्टेंबर ते 29 नोव्हेंबर, म्हणजे बँकांकडे साधारण अडीच लाख कोटी मोकळे. बाहेरचे मेंबर सौगत भट्टाचार्य एकटे पाव टक्क्याच्या बाजूने होते, बाकी पाच अर्ध्याच्या. आणि त्याच श्वासात स्टान्स परत न्यूट्रल, म्हणजे पुढे वर-खाली कुठेही जायला मोकळे. टीव्हीवर सगळे 'जंबो कट, जंबो कट' ओरडत होते पण आमच्या धंद्यातल्या माणसाने त्या दिवशी दुसरंच वाक्य ऐकलं. गव्हर्नर म्हणाले की फेब्रुवारीपासून झपाट्याने 100 बेसिस पॉइंट (म्हणजे एक टक्का) कमी केल्यावर आता वाढीला आधार द्यायला पॉलिसीकडे मर्यादित जागा उरली आहे. म्हणजे आता लगेच आणखी मागू नका! आणि झालं पण तसंच, त्यानंतर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड (त्यावर मिळणारा परतावा) खाली जायच्या ऐवजी वर सरकलं. रेट कट आणि यील्ड वर, नवीन माणसाला हे उलटं वाटते, पण बाजार आजच्या कपातीवर नाही, पुढे कपाती उरल्या की संपल्या त्याच्यावर चालतो.

आता तुमच्या 'मध्येच थांबतात काऊन' वर येतो, आणि हाच भाग मला सगळ्यात मजेदार वाटतो.

6 ऑगस्टच्या मीटिंगला जूनचा महागाईचा आकडा हातात होता, 2.10 टक्के. कोणी पण म्हणेल, टार्गेट 4 चं आणि महागाई 2 वर, कापा ना अजून. पण रेट 5.50 वरच ठेवला. काऊन? त्या दिवशीच्या तक्त्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीचा, म्हणजे एप्रिल-जून 2026 चा अंदाज पाहा: 4.9 टक्के. म्हणजे यांच्या हिशोबाने आजची स्वस्ताई तात्पुरती होती, 2024 मध्ये भाज्या फार महाग होत्या म्हणून 2025 चा आकडा लहान दिसत होता, ज्याला बेस इफेक्ट म्हणतात. एकदा तो बेस निघून गेला की महागाई परत वर. वरून अमेरिकेच्या टॅरिफचा गोंधळ ऐन त्याच दिवसांत चाललेला. म्हणून बसून राहिले.

1 ऑक्टोबरला पण 5.50 वरच, पण तोच एप्रिल-जूनचा अंदाज 4.9 वरून 4.5 झाला. 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे दर उतरले होते, ते पण धरलं. नागेश कुमार आणि राम सिंग यांनी या वेळी स्टान्स अकोमोडेटिव्ह करा असं म्हटलं. रेट बदलला नाही म्हणून बातमी 'जैसे थे' अशी आली, पण ज्याने आतलं वाचलं त्याला दार अर्धं उघडलेलं दिसत होतं. मग ऑक्टोबरची महागाई आली 0.25 टक्के, आणि डिसेंबरच्या मीटिंगमध्ये तोच अंदाज 3.9 वर आला. 5 डिसेंबरला पाव टक्का कमी, 5.25. मधल्या काळात जीडीपी 8.2 टक्क्यांनी वाढला होता आणि मीटिंग चालू असतानाच रुपया डॉलरला 90 च्या पार गेला होता, बरेच लोक म्हणत होते की आता कापणार नाहीत, तरी कापला. वाढ जोरात, रुपया कमजोर, ही दोन्ही कारणं न कापायची. पण पुढच्या वर्षीची महागाई 4 च्या आसपासच दिसली आणि तिने निकाल दिला.

हीच साखळी पूर्ण वर्षाच्या अंदाजात पण दिसते. 2025-26 ची महागाई एप्रिलमध्ये 4.0 धरली होती, जूनमध्ये 3.7, ऑगस्टमध्ये 3.1, ऑक्टोबरमध्ये 2.6, डिसेंबरमध्ये 2.0. दर मीटिंगला अंदाज खाली. माझं स्वतःचं मत विचाराल तर ऑगस्टमध्येच कापायला हरकत नव्हती, पाच मीटिंगा सलग तुमचा अंदाज खालीच जात असेल तर मॉडेल जरा भित्रं आहे असं म्हणावं लागते. पण 2022 ज्यांनी पाहिलं त्यांची भीती मला समजते. तेव्हा 4 मे ला अचानक, वेळापत्रकात नसलेली मीटिंग घेऊन 0.40 वाढवले (त्याच दिवशी एलआयसीचा आयपीओ उघडला होता, काय दिवस होता तो ट्रेझरीत!), आणि तिथून फेब्रुवारी 2023 पर्यंत 4.00 चा 6.50 झाला. उशीर केल्याची ओरड तेव्हा भरपूर खाल्ली होती त्यांनी.

आणि हो, 'महागाई 0.25 टक्के कुठे आहे, दाखवा' असं घरोघरी म्हणतात ते पण आरबीआयला माहीत आहे. ती घरांमध्ये जाऊन सर्व्हे करते, आता किती महागाई वाटते, तीन महिन्यांनी, वर्षाने किती वाटेल, आणि त्या शहरांच्या यादीत आपलं नागपूर आहे. लोकांनी सांगितलेला आकडा सरकारी आकड्यापेक्षा कायम मोठाच येतो. इतवारीतल्या सराफ्यात 2025 मध्ये सोन्याचे भाव पाहिले असतील तर तुम्हाला पण पटेल, कारण अन्न आणि इंधन वगळून जी कोअर महागाई काढतात ती त्या वर्षी सोन्यानेच फुगवून ठेवली होती.

आता तुमचा हप्ता.

तुमचं कर्ज कशाला बांधलेलं आहे ते आधी सँक्शन लेटर काढून पाहा, बाकी चर्चा नंतर. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकेकडून फ्लोटिंग (बदलत्या दराचं) होम लोन घेतलं असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक वेळा रेपोलाच बांधलेलं असते, आणि नियमाप्रमाणे तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट व्हायला, म्हणजे नवा दर लागायला पाहिजे. तुमची रीसेट तारीख समजा 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशी असेल तर 6 जूनची कपात जुलैत लागली असेल आणि 5 डिसेंबरची जानेवारीत. त्याच्या आधीचं असेल तर एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असेल, एमसीएलआर हा बँकेच्या स्वतःच्या डिपॉझिटच्या खर्चावरून निघतो म्हणून हळू उतरतो आणि रीसेट सहा महिन्याने नाही तर वर्षाने. आणि हाउसिंग फायनान्स कंपनीकडून घेतलं असेल तर त्यांना रेपोला बांधायची सक्तीच नाही, त्यांचा स्वतः ठरवलेला मूळ दर असतो (पीएलआर), तो वाढवताना घाई आणि उतरवताना आराम. अशा एका कंपनीत आमच्या ओळखीतल्या ताईचं कर्ज आहे, तिला नवीन गिऱ्हाइकाचा रेट द्यायला कन्व्हर्जन फी मागितली, भरली आणि तरी फायद्यात राहिली.

पण मला वाटते तुमचा मामला तिसराच आहे. रेट उतरला असेल आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली असेल. 2022-23 मध्ये रेट वाढला तेव्हा बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली होती, आता तीच उलटी येऊन राहिली. स्टेटमेंटमध्ये 'उरलेले हप्ते' पाहा, एक वर्षापूर्वीच्या स्टेटमेंटशी ताडून पाहा, लगेच समजेल. बँकेने तिमाही स्टेटमेंटमध्ये किती मुद्दल गेली, किती व्याज, किती हप्ते बाकी आणि सध्याचा वार्षिक दर हे सगळं द्यायलाच पाहिजे, 2023 च्या आरबीआयच्या सूचनेत आहे ते.

आकड्यात दाखवतो. 30 लाख, 20 वर्षं, 8.50 टक्क्यांवर हप्ता 26,035 च्या आसपास. सव्वा टक्का उतरून 7.25 झाला आणि हप्ता कमी करून घेतला तर 23,711, महिन्याला साधारण 2,300 वाचले. हप्ता तोच 26,035 ठेवला तर कर्ज 240 च्या ऐवजी 198 महिन्यांतच संपते, साडेतीन वर्षं आधी. (कर्ज नवीन आहे असं धरून, तुमचं जुनं असेल तर फरक कमी.) त्यामुळे हप्ता हलला नाही म्हणून चिडून ब्रँचमध्ये जाऊ नका, घरात ओढाताण नसेल तर तसाच राहू द्या. पोरांची फी, दुसरं कर्ज वगैरे असेल तर अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्या, बँक नाही पण म्हणू शकते, पण बहुतेक वेळा करून देते.

अजून एक. रेपोच्या वर जो जादा टक्का, म्हणजे स्प्रेड, लावतात तो नवीन गिऱ्हाइकाला कमी आणि जुन्याला जास्त असा प्रकार सर्रास चालतो. पूर्वी स्प्रेडमधले बँकेचे स्वतःचे घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचे, 1 ऑक्टोबर 2025 पासून गिऱ्हाईक टिकवायला त्याच्या आधी पण कमी करायची मुभा दिली आहे. म्हणून दुसऱ्या बँकेचा टेकओव्हरचा (कर्ज तिकडे हलवायचा) रेट लेखी घेऊन या आणि आपल्या बँकेत दाखवा. फ्लोटिंग होम लोनवर प्रीपेमेंट (मुदतीआधी फेडायचा) चार्ज नाही, हे त्यांना पण माहीत आहे, मग बोलणं सोपं जाते.

आधी कसं समजायचं? गव्हर्नरचं भाषण ऐकायची गरज नाही, चार गोष्टी पाहा: पुढच्या वर्षीच्या महागाईच्या अंदाजाची दिशा, मतांची फूट (फूट पडली की पुढच्या एक-दोन मीटिंगांत बहुतेक वेळा काही तरी हलते), स्टान्स, आणि दर बुधवारी होणाऱ्या 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाच्या (सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जाच्या) लिलावाचा कट-ऑफ व्याजदर. तो रेपोच्या बराच खाली जाऊन बसला तर बाजाराने पुढची कपात आधीच धरलेली असते. मीटिंगच्या आधी सात दिवस मेंबर बोलत नाहीत, त्या काळात टीव्हीवर 'सूत्रांच्या माहितीनुसार' जे चालते त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

बाबांच्या एफडीबद्दल: चालू एफडी फिक्स असते, तिचा रेट मधे कोणी बदलत नाही, पण मुदत संपली की नवीन रेट लागणार, आणि नवीन डिपॉझिटचे रेट बँका कपात जाहीर होताच, कधी त्याच्या आधीच उतरवतात, कारण कर्जाचं व्याज उतरलं की त्यांचं मार्जिन तिथूनच भरून निघते. पोस्टाच्या योजना मात्र रेपोवर चालत नाहीत, त्यांचे दर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवते आणि 2025 भर ते हललेच नाहीत, सीनियर सिटिझन स्कीम 8.2 टक्क्यांवरच राहिली. बाबांचं वय साठच्या वर असेल आणि 30 लाखांची मर्यादा शिल्लक असेल तर आधी तिथे भरा, पाच वर्षं तोच रेट बांधून मिळतो. बाकीची रक्कम एकाच तारखेला मॅच्युअर होईल अशी ठेवू नका, एक, दोन, तीन वर्षं अशा तुकड्यांत ठेवा, म्हणजे पुढे रेट वर गेले तर दर वर्षी एक तुकडा मोकळा होऊन वरच्या रेटला लागतो.